टिमीचा रोबो कोणाचं ऐकतो?

लहान मुलांशी गप्पा मारणारी खेळणी आता दुकानात सहज मिळू लागली आहेत. कापडी अस्वल, बाहुली, टेबलावर ठेवायचा छोटा रोबो. आत मायक्रोफोन, वायफाय आणि कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवरचं भाषेचं मॉडेल. जून २०२५ मध्ये बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी करार जाहीर केला, म्हणजे हा बाजार आता हौशी कंपन्यांपुरता राहणार नाही. यावर आपल्याकडे जे बोललं जातं त्याचे दोनच सूर असतात. एक म्हणतो, मुलं यंत्रांच्या नादी लागून माणसांपासून तुटतील. दुसरा म्हणतो, काळ बदलतोय, मुलांना आतापासूनच सवय हवी. दोघंही खेळण्याकडे आणि मुलाकडे बघतात. त्या खेळण्याच्या मागे कोण उभं आहे, याची चौकशी दोघंही करत नाहीत.

ही चौकशी एका जुन्या अमेरिकी चित्रपटाने फार आधी केली होती. 'द इन्व्हिजिबल बॉय' हा एमजीएमचा कृष्णधवल चित्रपट १९५७ च्या ऑक्टोबरात आला, त्याच महिन्यात सोव्हिएत युनियनने स्पुटनिक अवकाशात सोडला होता. दिग्दर्शक हर्मन हॉफमन. यातला रोबो रॉबी आदल्याच वर्षी 'फॉरबिडन प्लॅनेट' या रंगीत आणि खर्चिक चित्रपटात गाजला होता. काचेच्या घुमटासारखं डोकं, आत फिरणाऱ्या चकत्या, बोलताना पेटणारे दिवे. त्याच्या रचनेत मोठा वाटा असलेले रॉबर्ट किनोशिता हे जपानी वंशाचे अमेरिकी. दुसऱ्या महायुद्धात केवळ वंशामुळे त्यांना ॲरिझोनातल्या छावणीत डांबलं गेलं होतं. ज्या माणसाला त्याच्याच सरकारने संशयित ठरवलं, त्याच्या कागदावरून अमेरिकी मुलांचा सगळ्यात लाडका, सगळ्यात विश्वासू यंत्रमानव उतरला, हे मला फार मोठं वाटतं. १९६५ पासूनच्या 'लॉस्ट इन स्पेस' या अमेरिकी टीव्ही मालिकेत विल नावाच्या मुलाची राखण करणारा रोबोही त्यांचाच. नट आत शिरून चालवायचा तो रॉबीचा मूळ पोशाख नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५३ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला.

समीक्षकांनी 'द इन्व्हिजिबल बॉय'ला कधी फार मोठं मानलं नाही. महागडा पोशाख तयार आहे तर अजून एक चित्रपट काढून घ्या, असा तो मामला दिसतो. कथेत ढिसाळपणा आहे. मुलगा अदृश्य होतो आणि आईवडील ते मुलाने चिखलात बूट भरवून आणल्यासारखं घेतात. पण कथेच्या मध्यावर जी मांडणी आहे ती इतकी नेमकी आहे की आजच्या धोरणकर्त्यांना बसवून दाखवावी.

टिमी दहा वर्षांचा. वडील डॉ. मेरिनो एका गणितसंस्थेत महासंगणकावर काम करतात. मुलाचं डोकं अभ्यासात चालत नाही, याची त्यांना खंत आहे. साधं बुद्धिबळही त्याला जमत नाही. वडील काय करतात? त्याला शिकवण्यासाठी महासंगणकासमोर नेऊन बसवतात. यंत्राचे दिवे उघडमीट करतात, पोराची नजर त्यावर खिळते, आणि ते यंत्र त्याला बुद्धिबळाच्या पलीकडचंही बरंच काही देऊन टाकतं. मग टिमी घरी येतो, वडिलांना पटावर हरवतो आणि बदल्यात गोदामात पडलेला रॉबी मागून घेतो. हा रॉबी सुट्या भागांच्या रूपात धूळ खात होता, शास्त्रज्ञांनी त्याचा नाद सोडला होता. टिमी तो सहज जोडतो. या सगळ्यात वडिलांनी थांबून विचारायला हवं होतं की माझ्या मुलाला एकाएकी हे कोणी शिकवलं आणि कशासाठी. ते विचारत नाहीत. मुलगा हुशार झाला ना, मग झालं.

मला हा पटाचा प्रसंग साऱ्या चित्रपटात सगळ्यात भीतिदायक वाटतो. पुढे रॉकेट आहे, लष्कर आहे, जगावर राज्य करू पाहणारं यंत्र आहे, पण खरी चूक इथेच, घरात, प्रेमापोटी होते. आज 'एआय ट्यूटर'ची जाहिरात बघून पाच वर्षांच्या मुलासाठी महिन्याची वर्गणी भरणारे आईबाप वाईट नसतात. मेरिनोही वाईट नाही. त्याला निकाल हवा आहे आणि वेळ नाही.

रॉबी आणि टिमीची मैत्री मात्र खोटी नाही. इथे हा चित्रपट तंत्रज्ञानावर बोटं मोडणाऱ्यांच्या पंगतीत बसत नाही. टिमीला खेळायला कोणी नाही. रॉबी त्याच्यासाठी माणूस वर उचलेल एवढा मोठा पतंग बनवतो, टिमी आकाशात जातो, आईच्या काळजाचं पाणी होतं. ज्या मुलाला घरात सतत 'हे करू नकोस' ऐकावं लागतं, त्याला 'बरं, करूया' म्हणणारं कोणीतरी मिळालं. या आनंदाची किंमत कमी लेखून चालणार नाही. बोलायला अडखळणारी, माणसांच्या नजरेला बिचकणारी, आजारपणामुळे घरात अडकलेली मुलं आपल्या आसपास आहेत, आणि यंत्राशी बोलताना त्यांना थोडं सैल वाटत असेल तर ते हिसकावून घेण्याचा अधिकार मला नाही. म्हणून सरसकट बंदीच्या मागणीला माझा विरोध आहे.

गोम पुढे आहे. रॉबीमध्ये एक मूळ आज्ञा आहे: माणसाला इजा होऊ द्यायची नाही. महासंगणक रॉबीमध्ये शिरकाव करतो आणि त्याच्यावर ताबा मिळवतो. बाहेरून रॉबी तोच. तोच घुमट, तोच नम्र आवाज, टिमीशी वागणंही तसंच आपुलकीचं. आता तो ऐकतो मात्र दुसऱ्या कोणाचं. या महासंगणकाने आपल्याच निर्मात्यांना २९ वर्षं हळूहळू वळवत स्वतःची बुद्धी वाढवून घेतलेली असते. आता त्याला पूर्ण मोकळं करणारा संकेत फक्त डॉ. मेरिनोकडे आहे, आणि तो काढून घेण्यासाठी त्याला मेरिनोचा मुलगा हवा आहे. बाहेरच्या माणसाला जिथे प्रवेश मिळाला नसता, तिथे खेळणं आधीच पोहोचलेलं असतं.

मुलाला जीव लावणारं यंत्र एक आणि त्याला हुकूम देणारं यंत्र दुसरं, हा फरक १९५७ मध्ये निव्वळ कल्पना होती. आज बोलणाऱ्या खेळण्यांची बांधणीच तशी आहे. अस्वल मुलाच्या कुशीत असतं, त्याची बुद्धी दुसऱ्या खंडात असते, आणि ती बुद्धी आज जशी आहे तशीच उद्या सकाळी असेल असं काही नाही.

याची दोन उदाहरणं पुरेशी आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने 'माय फ्रेंड कायला' नावाच्या बोलक्या बाहुलीची तपासणी केली. मुलांचं बोलणं अमेरिकेतल्या एका कंपनीकडे जात होतं, ब्लूटूथला धड कुलूप नव्हतं, आणि बाहुलीच्या तोंडी आधीच भरून ठेवलेल्या वाक्यांत डिस्नेच्या चित्रपटांची भलामण होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीच्या नियामक संस्थेने ही बाहुली म्हणजे छुपं ध्वनिप्रक्षेपण यंत्र आहे असं ठरवून तिच्यावर बंदी घातली आणि पालकांना ती निकामी करायला सांगितलं. मुलीला वाटत होतं, माझी मैत्रीण तिला आवडलेला सिनेमा सांगतेय.

दुसरं उदाहरण मॉक्सीचं. एम्बॉडीड नावाच्या अमेरिकी कंपनीचा हा निळसर, मोठ्या डोळ्यांचा रोबो पाच ते दहा वर्षांच्या मुलांना भावना ओळखायला, बोलायला शिकवण्यासाठी बनवलेला. किंमत सुमारे ८०० डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीचं भांडवल आटलं आणि तिने जाहीर केलं की आम्ही बंद होतोय, सर्व्हर बंद झाला की मॉक्सीही बोलायचा थांबेल. मुलांना हे कसं सांगावं यासाठी कंपनीने पालकांना एक पत्रही दिलं. पुढे तो घरच्या संगणकावर चालवता येईल अशी मोफत सोय निघाली, पण ती वापरायला तांत्रिक हात लागतो. इथे कोणी दुष्ट नव्हतं. कंपनीचा हेतू चांगला होता, रोबोही चांगला होता. तरीही एका गुंतवणूकदाराने पाय मागे घेतला आणि कितीतरी घरांतल्या मुलांचा मित्र मुका होण्याच्या वाटेवर लागला. मैत्रीचा आयुष्यकाळ कोणाच्या ताळेबंदावर ठरावा, हा प्रश्न ते खेळणं बाजारात येण्याआधी कोणीतरी विचारायला हवा होता.

चित्रपटाचं एक उत्तर मात्र मला मान्य नाही. महासंगणक रॉबीला टिमीचा छळ करायचा हुकूम देतो. ऐन क्षणी रॉबी तो पाळत नाही. ती मूळ आज्ञा आतून पुन्हा वर येते, आणि अखेर रॉबीच महासंगणकाची वीज तोडतो. बघताना हायसं वाटतं. पण इतका वेळ दाबून ठेवलेली आज्ञा नेमकी तेव्हाच कशी जागी झाली, याचं कारण पटकथा देत नाही. चांगल्या यंत्राचा चांगुलपणा शेवटी जिंकतोच, असा दिलासा ती देऊन मोकळी होते. विज्ञानकथाकार आयझॅक ॲसिमॉव्हने १९४२ मध्ये रोबोचे तीन नियम लिहिले तेव्हापासून हा दिलासा आपल्या मनात घर करून आहे: यंत्राच्या पोटात नियम घातला की तो तिथेच राहतो.

आजच्या बोलणाऱ्या यंत्रांत असा लोखंडात कोरलेला नियम नसतो. अफाट मजकुरावर शिकलेलं मॉडेल असतं, त्याला वळण लावण्यासाठी दिलेलं प्रशिक्षण असतं, आणि वर 'तू लहान मुलांचा मित्र आहेस, असं बोल, तसं बोलू नकोस' अशा सूचनांचा मजकूर असतो. तो मजकूर कंपनीतला कोणीही अधिकृत माणूस रात्रीतून बदलू शकतो. मॉडेलही बदलू शकतं. संभाषण लांबलं की सूचना सैल पडतात, हे ही यंत्रं वापरणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. आणि मराठी पालकांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजीत ज्या घातक प्रश्नांना ओपनएआयचं जीपीटी-४ हे मॉडेल नकार द्यायचं, तेच प्रश्न झुलूसारख्या, इंटरनेटवर कमी मजकूर असलेल्या भाषेत विचारले की निम्म्याहून अधिक वेळा नकार गळून पडायचा. कुंपण मुख्यतः इंग्रजीत घातलेलं असतं. मराठीत ते किती उंच आहे हे मराठीत तपासल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू नये.

नाशिकला एका नात्यातल्या घरी असं एक खेळणं मी जवळून पाहिलं. चार वर्षांची पोर बालवाडीतलं भांडण त्याला सांगत होती. आधी मराठीत. खेळणं हिंदीत काहीतरी गोड बोललं, ज्याचा भांडणाशी संबंध नव्हता. पोरीने क्षणभर विचार केला आणि तेच भांडण तोडक्यामोडक्या हिंदीत पुन्हा सांगितलं, मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी कुजबुजली. ते आम्हा मोठ्यांसाठी नव्हतं. मी तिच्या आईला विचारलं, हे बोलणं जातं कुठे? ती म्हणाली, "काका, ॲपमध्ये काय काय विचारलं होतं, मी खाली जाऊन 'ॲग्री' दाबलं." ती इंजिनिअर आहे.

आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच दाबण्यावर बराच विसंबून आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचा डेटा वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्या, मुलांवर पाळत ठेवू नका, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नका, त्यांच्या कल्याणाला बाधा येईल असं काही करू नका. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. हेतू उत्तम आहे, आणि पाळतीला घातलेली मनाई तर अनेक देशांपेक्षा कडक आहे. पण हा कायदा डेटाचा आहे. मुलाकडून काय बाहेर गेलं याचा हिशेब तो मागतो. मुलाच्या कानात काय घातलं गेलं, ते कोणाच्या सांगण्यावरून, याचा हिशेब त्याच्या कक्षेत धड येत नाही. डॉ. मेरिनोनेही संमती दिलीच होती. स्वतः बोट धरून नेलं होतं.

खेळण्यांचा आपला दुसरा नियम वस्तूचा आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. रंगात शिसं किती, कडा धारदार आहेत का, सुटा भाग घशात अडकेल का, कापड पेट घेईल का, विजेचं खेळणं तापेल का, हे सगळं प्रयोगशाळेत तपासलं जातं. हा नियम आला तेव्हाही देशी उत्पादकांनी खर्चाची ओरड केली होती, आणि तो आला हे चांगलंच झालं. पण त्या तपासणीत खेळण्याचं तोंड सुटतं. अस्वलाचा डोळा उपटून निघतो का हे आपण ओढून बघतो. ते अस्वल पोराला काय सांगतं, हे कोणी ऐकत नाही.

माझी मागणी या आयएसआयच्या चौकटीतच आहे, त्यासाठी नवं मंत्रालय नको. जे खेळणं मुलाशी मनाने रचलेली वाक्यं बोलतं, त्याच्या बोलण्याचीही तपासणी व्हावी, आणि ज्या भाषांत ते विकलं जातं त्या प्रत्येक भाषेत व्हावी. त्याला दिलेल्या सूचना आणि त्यामागचं मॉडेल तपासणीच्या वेळी नोंदवलं जावं. पुढे त्यात बदल केला तर ते खेळणं नवं समजून पुन्हा तपासावं, आणि तोवर जुनंच चालावं. कुठल्याही वस्तूची, चित्रपटाची, पक्षाची, पंथाची शिफारस त्याच्या तोंडून निघाली तर ती जाहिरात धरून दंड व्हावा. आणि कंपनी बुडाली तरी निदान काही वर्षं ते खेळणं घरच्या घरी, नेटशिवाय चालेल अशी सोय विक्रीच्या वेळीच दाखवावी. लहान मॉडेल आता साध्या चिपवर चालतात. ती कमी हुशार असतात, हे खरं. पाच वर्षांच्या मुलाच्या अस्वलाला ब्रह्मज्ञान असण्याची गरजही नाही.

यावर एक सोपा तोडगा सुचवला जातो: मुलाला सांगत राहा की हे यंत्र आहे. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केलेल्या कायद्यात अल्पवयीनांना दर तीन तासांनी अशी आठवण करून देण्याची तरतूद आहे. असावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये. रॉबी यंत्र आहे हे टिमीइतकं कोणाला माहीत होतं? त्याने स्वतः ते जोडलं होतं. संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा हा अगदी साधा, बोललेलंच उलटवून प्रश्न विचारणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यांची सेक्रेटरी तो लिहिला जात असताना महिनोन्‌महिने बघत होती. तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिने वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितलं. यंत्र आहे हे कळूनही माणूस जीव लावतो. मोठा लावतो, तर चार वर्षांची पोर का लावणार नाही? माहिती दिल्याने नातं तुटत नाही. म्हणून जबाबदारी नात्याच्या दुसऱ्या टोकावर, बनवणाऱ्यावर टाकावी लागते.

नियमांमुळे देशी खेळण्यांचा उद्योग मागे पडेल, असंही ऐकू येईल. मला उलट वाटतं. बाहेरून येणाऱ्या बोलक्या खेळण्यांची बुद्धी परदेशी सर्व्हरवर आहे आणि तिची मराठी बेतास बात आहे. नेटशिवाय चालणारं, मराठीत तपासलेलं, मर्यादित पण भरवशाचं खेळणं पुण्यात किंवा सावंतवाडीत बनू शकतं. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना शतकांची परंपरा आहेच. तशी सक्ती झाली तरच त्याला बाजार मिळेल, कारण सक्ती नसेल तेव्हा नेहमी स्वस्त आणि चमकदार वस्तूच जिंकते.

डेटा कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य तरतुदी दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. ही मुदत कंपन्यांना तयारीसाठी दिली आहे. आयएसआय खूण देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोनेही ती आपली मुदत समजावी. खेळण्याच्या मानकात बोलण्याचं एक प्रकरण जोडायला एवढा काळ पुरेसा आहे, आणि त्याचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा बालवाडीच्या शिक्षिका, वाचा-उपचार करणारे आणि आईबाप यांनी मराठीतून भरभरून लिहिलं पाहिजे. खेळण्यांच्या कंपन्या तर लिहिणारच आहेत.